तिच्यासारखं कुणी

“दोन डोळ्यांत अंतर जास्त,” म्हणत डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरवरच्या लक्षणांच्या यादीतला शब्द निवडला. लेक माझ्या मांडीवर चुळबुळत होती. आधीच्या दवाखान्यात नुसतं ‘चेहरा वेगळा’ लिहिलं होतं; त्यावरून जगात तिच्यासारखं कुणीच सापडलं नव्हतं. आता सगळीकडचे डॉक्टर वापरतात तेच शब्द होते.

“आणि हसायच्या आधी ती डोळे घट्ट मिटते,” मी सांगितलं.

“अहो, त्याला यादीत शब्दच नाही.”

बाईंनी जगभरच्या रुग्णांच्या नोंदींत शोध सुरू केला. मला पडद्याकडे बघवेना. मी लेकीचं टोपडं सारखं करत बसले.

“सापडला! एक मुलगा, तुर्कस्तानात. सगळं जुळतंय. आजाराचं नावही कळलंय तिथल्या डॉक्टरांना.”

“नाव नंतर सांगा, मॅडम. आधी त्याच्या आईला विचारा ना, तो हसायच्या आधी डोळे मिटतो का?”