पिवळा ठिपका

आत्यानं भविष्य पाहायचे, टॅरोचे अठ्ठ्याहत्तर पत्ते स्वतः बसून रंगवले होते. त्यातल्या सूर्याच्या पत्त्याच्या पाठीवर, कोपऱ्यात, पिवळ्या रंगाचा एक थेंब सांडला होता, मोहरीएवढा. तो मला सातव्या वर्षीच दिसला आणि मी कुणालाही त्याचा पत्ता लागू दिला नाही.

परीक्षा आली, मुलाखत आली, की मी आत्यासमोर जाऊन बसायचे. ती पत्ते पालथे पसरायची.

"डोळे मिटून काढ गं. लबाडी नको."

मी एक डोळा किलकिला ठेवून नेमका सूर्य उचलायचे.

"बघ! पुन्हा सूर्यच! तुला कशाला गं भ्यायचं?" ती टाळी वाजवायची. आणि मी मनात म्हणायचे, किती भोळी आहे आमची आत्या!

गेल्या वर्षी माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही तिनं पत्ते काढायला लावले. तेव्हा तिचे हात इतके कापत होते की पाण्याचा पेलासुद्धा धरवत नव्हता. तरी सूर्यच आला. मी बरी होऊन घरी आले.

आता आत्या नाही. पत्त्यांचा डबा माझ्याकडे आला. काल खिडकीपाशी बसून पहिल्यांदाच सगळे नीट पाहिले. हाताळून हाताळून प्रत्येकाच्या कोपऱ्याचा रंग पार उडून गेला होता. सूर्यावरचा ठिपका मात्र ठसठशीत होता. बोट फिरवलं तर जाड लागला, थरावर थर चढवलेला. सगळ्यात वरचा थर तेवढा वाकडातिकडा होता, ठिपक्याबाहेर गेलेला.