याआधीचं लग्न

"याआधीचं लग्न?" पोकुआनं अर्जातला प्रश्न मोठ्यानं वाचला, स्वतःच्या रकान्यात 'नाही' असं ठसठशीत लिहिलं आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला.

कोजोनं पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही.

"काय झालं?"

"काही नाही. नीट आठवून लिहिलंस ना? आपल्याकडे घरच्या घरी रीतीनं लागलेलं लग्नसुद्धा हे लोक धरतात."

"लग्न म्हणजे काय छत्री आहे, कुठंतरी विसरून यायला?"

तो हसला नाही. कागद गोळा करून त्यानं कपाटावर ठेवले आणि म्हणाला, "पुढच्या आठवड्यात पाठवू."

पोकुआच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

कोजो शाळकरी वयात घानाहून कोलंबसला आलेला, आता अमेरिकेचा नागरिक. शहराची बस चालवायचा, रविवारी चर्चमध्ये खुर्च्या मांडायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती इथं विद्यापीठात शिकायला आली, चर्चच्या जेवणात केंकीच्या पातेल्यापाशी दोघांची गाठ पडली आणि हिवाळ्यात कोर्टात जाऊन दोघांनी सह्या केल्या. उन्हाळ्यात तिचं शिक्षण संपणार होतं आणि त्याबरोबर व्हिसाही. त्याआधी ग्रीन कार्डाचा अर्ज गेला नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून परत घानात, कुमासीला. पण खरं सांगायचं तर कार्डापेक्षा तिचा जीव या माणसात अडकला होता, आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटत होती.

मुलाखतीची तयारी म्हणून दोघं एकमेकांची उलटतपासणी घेत. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, सासूचं नाव काय, शिटोची चटणी कुणाला तिखट लागते.

"माझ्याआधी तुझ्या आयुष्यात कोण होतं?" कोजोनं विचारलं.

"ब्रेफो. सांगितलंय की तुला. घरच्यांनी बोलणी केली, खाणंपिणं झालं, मग मी इकडे आले. संपलं."

"संपलं म्हणजे कसं?"

"म्हणजे मी फोन उचलायची बंद झाले. आता तुझं सांग. कोण होतं?"

"कोणी नाही."

इतक्या झटकन म्हणाला, की तिचा विश्वासच बसेना.

त्यानंतर फोनांचा सिलसिला सुरू झाला. फोन वाजला की कोजो गॅलरीत जाई आणि काचेचं दार ओढून घेई. बाहेर बर्फ असो नाहीतर वारा, साहेब नुसत्या बनियनवर उभे. विचारलं की म्हणे, "मामा होता. त्याची पाठ दुखते."

एकदा दार नीट लागलं नव्हतं. पोकुआ पडद्यामागे श्वास रोखून उभी राहिली.

"मामा, बाटल्या परत गेल्याशिवाय कुणी सुटायचं नाही, मीही नाही. आणि हे बघ, हिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. उगाच घर डोक्यावर घेईल."

कुमासीच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वराकडून दारूच्या बाटल्या येतात, बाप पोरीला तीनदा विचारतो, "घेऊ का?" ती तीनदा "घ्या" म्हणाली की लग्न लागलं. अंगठी, चर्च, कोर्ट हे सगळे नंतरचे सोहळे. नवरदेव सातासमुद्रापार असला तरी अडत नाही. बाटल्या परत गेल्या की काडीमोड.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीकडे वेण्या घालून घ्यायला गेली आणि मन मोकळं करून बसली. असाबेआचे हात केसांत आणि जीभ सगळ्या गावात.

"अगं, अमेरिकन पासपोर्टवाल्या बाप्याला कुमासीत एखादी बायको असतेच. कधीकधी त्यालाही माहीत नसतं."

"गप गं! तो तसा नाही."

"कोणीच तसा नसतो. आणखी काय म्हणाला?"

पोकुआ जरा घुटमळली. "म्हणतो, आपण कोर्टात जाऊन पुन्हा एकदा लग्न करू या."

असाबेआचे हात थांबले. "पुन्हा? एकदा केलेलं खरं असेल तर माणूस पुन्हा कशाला करील, बाई?"

पोकुआ अर्धवट वेण्यांनिशीच घरी आली. रडली, मग स्वतःवरच चिडली. परीक्षा तोंडावर, अर्ज कपाटावर, आणि नवरा दुसरीचा. शनिवारी कोजोचा फोन वाजला आणि तो गॅलरीत गेला, तेव्हा तिनं कपडे बॅगेत कोंबले, बॅग दाराशी आणून ठेवली आणि काचेचं दार खाडकन उघडलं.

"फोन दे इकडे. तुझ्या बायकोचं तोंड तरी बघू दे."

कोजोनं फोन छातीशी दाबून धरला. "पोकुआ, आत जा. आजच सगळं निस्तरतंय. तुला कळायचीही गरज नाही."

"ती बसलीय ना तिथं? देतोस की नाही?"

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे. मग फोन तिच्या हातात दिला.

पडद्यावर एक अंगण होतं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर खांद्यावरून कापड घेतलेली म्हातारी मंडळी, मधल्या टेबलावर दोन बाटल्या. पोकुआनं डोळे फाडून बाई शोधली. बाई नव्हतीच. कडेच्या खुर्चीत मान खाली घालून तिचे स्वतःचे वडील बसले होते, आणि त्यांच्यासमोर ब्रेफो.

कोजोचा मामा फोनजवळ सरकला.

"आलीस का, पोरी? बरं झालं. कोजोच्या बाटल्या घेऊन आम्ही तुझ्या बापाच्या दारात गेलो, तर घरात या ब्रेफोच्या बाटल्या आधीच ठेवलेल्या. त्या दिवशी तीनदा 'घ्या' म्हणाली होतीस ना? आता तीनदा 'परत द्या' म्हण, म्हणजे हा तुझा नवरा तुला सोडील."