पाणी मागणारा शिपाई

"हाच काय त्यो वॉर्ड?" चंद्रभागाबाईंनी उंबऱ्याबाहेर थांबूनच विचारलं.

मंजुनाथने मान हलवली. धारवाडच्या या जुन्या लष्करी दवाखान्यात आता सरकारी कागदांचे गठ्ठे ठेवतात आणि मंजुनाथ त्यांची राखण करतो. इमारत बघायला कुणी आलं की तो भुताची गोष्ट सांगायचा. एक जखमी शिपाई खाटेवरून उठतो आणि मराठीत पाणी मागतो. गेल्या महिन्यात कुणीतरी ती गोष्ट मोबाइलवर टिपून घेतली आणि ती गावोगाव फिरली. ती ऐकून पंच्याऐंशी वर्षांच्या चंद्रभागाबाई अळणावरजवळच्या खेड्यातून नातीबरोबर, अनिताबरोबर, बसने आल्या होत्या.

"माझा बा हाय त्यो," त्या म्हणाल्या. "मोठ्या लढाईतनं हितं आणला, हितंच गेला. मी तवा तीन वर्सांची. आई पाणी घेऊन दारात बसली हुती. आत सोडलं न्हाई तिला."

त्यांनी पिशवीतून पाण्याने भरलेला, फडक्याने तोंड बांधलेला तांब्या काढला.

गोष्ट मंजुनाथने एका कंटाळवाण्या दुपारी रचली होती. समोर बेळगावची माणसं होती, म्हणून शिपाई मराठीत बोलला. ऐकणारी माणसं हसायची, नाहीतर किंचाळायची. पाणी घेऊन कुणी आलं नव्हतं.

"तू सोता बघितलास त्याला, अण्णा?"

"अज्जी, ते... म्हणजे..."

खरं सांगावं तर म्हातारी इथंच कोसळेल. खोटं सांगावं तर जीभ उचलेना. त्याने अनिताकडे बघितलं. तिने नजर खाली घातली. गोष्ट रचलेली आहे हे तिला ठाऊक असावं.

"कुठं हुबा ऱ्हातो?"

मंजुनाथचं काही ठरायच्या आतच त्याचा हात वर गेला. पश्चिमेच्या खिडकीकडे.

चंद्रभागाबाई भिंतीला धरत धरत तिथवर गेल्या. फडकं सोडून तांब्या खाली ठेवला आणि शेजारी मांडी घालून बसल्या.

"बा, मी चंद्री," एवढंच मंजुनाथला ऐकू आलं. पुढचं त्या फार हळू बोलल्या आणि बराच वेळ बोलल्या.

निघताना त्यांनी मंजुनाथच्या हातावर हात ठेवला. "आता त्यो पाणी मागतो म्हणून सांगू नगंस, अण्णा. प्याला म्हणून सांग."

पाचच्या सुमाराला कॉलेजच्या चार मुली खिदळत आल्या. "अंकल, ते भूत कुठल्या वॉर्डात असतं?"

मंजुनाथने तोंड उघडलं. नेहमीची सुरुवात त्याला आठवेना.

"आधी चपला काढा," तो म्हणाला, आणि स्वतःच्याही काढू लागला.