खिडकीतून समुद्र

मालगुंडात घरोघरी होमस्टे झाले आणि सगळ्यांच्या जाहिरातीत एकच ओळ: 'खिडकीतून समुद्र'. मनस्विनीच्या खिडकीतून दिसायचे फक्त माड, त्यामुळे ऐन मे महिन्यात तिच्या खोल्या रिकाम्या.

"आपणही तसंच लिहू गं, कोण तपासायला येतंय?" तिचा नवरा गंधार म्हणाला.

तिला काही खोटं लिहवेना. वैतागून तिनं फोनवरून जाहिरात टाकली, 'आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. उगाच विचारू नये.' गंधारनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्याच दिवशी एकाचा फोन आला. "ताई, आठवडाभर खोली हवीय. पण समुद्र नक्की दिसत नाही ना?"

"नाही हो. पण असं का विचारताय?"

"कालच बोटीवरून उतरलोय. वर्षभर खिडकीतून तोच बघत होतो."