नथ की तन्मणी

“नथ नको, आई. कुड्या बस आहेत,” निधी म्हणाली आणि मखमलीवरची नथ तिनं बोटानं दूर सारली.

“बस-बिस काही नाही. नाकाला लावून तर बघ.” अरुंधतीबाईंनी नथ पुन्हा तिच्यापुढे सरकवली.

गादीवर बसलेल्या मोहननं वरवर हसून आरसा पुढे केला. आतून तो धुमसत होता. सराफ्यातल्या या मोत्यांच्या दुकानात त्याची उभी हयात गेली होती. गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याला कुठला दागिना शोभेल हे तो सांगायचा, आणि त्यांच्या घरात कोणाचं चालतं हेसुद्धा. या दोघींना त्यानं पायरीवरच ओळखलं होतं. मोकळ्या गळ्याची, अंग चोरून बसलेली मुलगी म्हणजे नवरी. ताठ बसून हुकूम सोडणारी ती सासू. लग्नाआधीच मुलगी ‘आई, आई’ करत होती, म्हणजे लगाम आत्तापासूनच घातलेला.

“बिटियाचा चेहरा नाजूक आहे,” तो म्हणाला. “साधं राहायची आवड दिसते. कुड्या आणि एकपदरी सर, इतकंच फबेल. चिंचपेटी या गळ्याला भारी होईल. नथ घ्यायचीच तर बारीक मोत्यांची घ्या.”

“ठसठशीत हवी,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “आमच्या पूर्ण छत्रीबाग मोहल्ल्याला दिसली पाहिजे.”

“लोक काय म्हणतील, आई?” निधी हळूच म्हणाली.

“लोक गेले चुलीत. लोकांनी आपल्याला काय दिलं?”

मोहन थोडा वाकून बघत म्हणाला, “नाक तर टोचलेलंच आहे. पण भोक बुजत आलंय. घालणं सोडलं होतं का?”

निधीनं मान खाली घातली.

“घालायची. परत घालेल,” अरुंधतीबाईंनी तोडून टाकलं.

मोहनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्याच आठवड्यात त्याची मुलगी प्राची सासरहून, बेटम्याहून आली ती उघड्या नाकानं. त्यानं स्वतः मोती पारखून बनवलेली तिची नथ सासूनं काढून आपल्या लेकीला देऊन टाकली होती. प्राची रडली आणि मोहन गप्प बसला. मुलीचा बाप पडला ना. त्या गप्प बसण्याचा राग त्याला अजून गिळता येत नव्हता. एक सासू नाकातली काढून घेते, दुसरी बळंच नाकात घालते. पळसाला पानं तीनच.

“नवरदेव काय करतात?” त्यानं विषय बदलला.

“सांवेर रोडला फॅक्टरीत आहेत,” निधी म्हणाली.

“चांगलं आहे, बिटिया. आजकाल नोकरी आहे कोणाकडे?”

“माझा मुलगा मिलमध्ये होता,” अरुंधतीबाई एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका चढला की रस्त्यावरचा एक जण वळून बघायला लागला. “गेटला ताला ठोकला आणि साहेब लोक आपापल्या गाड्यांत बसून निघून गेले. मागे वळून कोणी विचारलं नाही, जगता की मरता. आणि आता म्हणे देशात नवा जमाना आलाय. कोणाचा आलाय?”

या एका बाबतीत मोहन त्यांच्या बाजूचा होता. मिलचे भोंगे बंद पडल्यापासून लग्नसराईतही सराफ्यात माश्या मारत बसायची पाळी आली होती. पोरगा नशीबवान, त्याला वाटलं. मिल गेली तरी सांवेर रोडला चिकटला.

अरुंधतीबाईंनी रुमालातून सोन्याची एक पुरुषी साखळी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. “ही मोडा. यातून नथ द्या.”

“मुलाची?”

“हो. त्याला आता लागत नाही.”

निधी दुसरीकडे बघायला लागली. मोहननं साखळी तोलून बघितली. चांगली वजनदार होती. त्यानं मागच्या कपाटातून तन्मणीची डबी काढली आणि उघडून मखमलीवर ठेवली.

“यात तर तन्मणीसुद्धा होतो, बाई. आपल्याकडे रिवाजच आहे. नथ माहेरची, तन्मणी सासरचा. सासूनं आपल्या हातानं सुनेच्या गळ्यात घालायचा.”

निधीचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला. अरुंधतीबाईंनी डबी उचलली आणि खटकन बंद केली.

“तन्मणी मला घ्यायचा नाही.”

आता मात्र मोहनचा तोल सुटला. जे बेटम्याला बोलायचं राहून गेलं होतं, ते सगळं इथे तोंडातून बाहेर पडलं.

“माफ करा बाई, पण आज बोलतोच. जी नथ तिच्या आईबापांनी द्यायची, ती तुम्ही तिच्यावर लादणार, नको म्हणते तरी. आणि जे सासूनं द्यायचं, तिथे हात आखडता घेणार. पोराची साखळी मोडताना काही वाटलं नाही, पण त्यातून सुनेला तन्मणी घालताना जिवावर येतं. गरीब गाय आहे म्हणून दाबताय तिला. या पोरीला माहेर म्हणून कोणी आहे की नाही, जे तुम्हाला जाब विचारेल?”

गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, असं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं होतं.

“काका, तुम्ही आईंना असं...” निधी उठायला लागली. अरुंधतीबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. त्यांनी ठसठशीत नथ उचलली आणि स्वतःच तिच्या नाकाशी धरली. या वेळी निधीनं ती दूर सारली नाही. आरशात बघताना तिचे डोळे भरून आले.

“रिवाज बरोबर सांगितलात, मोहनजी,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “तन्मणी तिची नवी सासू घालणारच आहे, परवा मांडवात. माझा मुलगा मिल बंद झाली त्याच साली वारला, आणि तेव्हापासून हिचं माहेर मीच आहे.”