सरांच्या कडेवरची

तिच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खडू उचलला आणि फळ्यावर आठ रेघांचं एक झाड काढलं. या रेघांना त्यांच्या गणितात कड म्हणतात. तिच्या प्रबंधाचा दावा असा की, कुठल्याही झाडाच्या कडांना एकपासून ओळीने असे आकडे देता येतात, की प्रत्येक बिंदूपाशी येणाऱ्या कडांवरच्या आकड्यांची बेरीज वेगळी निघते. परीक्षकांनी तिच्याच रीतीने आकडे भरले. एका बिंदूपाशी पाच आणि सहा आले. दुसऱ्यापाशी एक, दोन आणि आठ.

"अकरा," ते म्हणाले. "आणि हेही अकराच."

चूक सिद्धतेच्या चौथ्या पायरीत होती आणि ती पायरी तिची नव्हतीच, तिच्या मार्गदर्शक सरांनी सुचवलेली होती. "मला हे पटत नाहीये," असं ती म्हणाली तेव्हा सर हसून म्हणाले होते, "मी आहे ना." विभागातली टारगट मंडळी तिला 'सरांच्या कडेवरची' म्हणत. कडांवर आकडे घालणारी बाई स्वतःच सरांच्या कडेवर बसलीये, असा त्यांचा विनोद. तिला वाईट वाटायचं सोडा, मनातून बरंच वाटायचं.

कॉलेजातली तिची हंगामी नोकरी आज पदवी मिळाली तरच टिकणार होती. तिने सरांकडे पाहिलं. आता ते बोलतील, आपली कड घेतील.

सर बोलले. "मी हिला बजावलं होतं, ही पायरी तपासून घे म्हणून. पण हल्लीच्या मुलांना सगळ्याचीच घाई."

खोटं बोलताना माणसाचा आवाज जरा तरी हलावा. यांचा हलला नाही. सरांना खोटं पाडून ती पुढे कुणाच्या दारात उभी राहणार होती? परीक्षकांनी सहानुभूतीने मान हलवली, तीसुद्धा सरांकडे बघून. प्रबंध नामंजूर झाला.

खोलीत दोघंच उरल्यावर सर फळ्यापाशी गेले. बोटाने सहा आणि सात पुसून त्यांनी एकमेकांच्या जागी लिहिले. सगळ्या बेरजा वेगळ्या झाल्या.

"चौथ्या पायरीत एवढी अदलाबदल केली की कुठल्याही झाडाला चालतं," ते म्हणाले. "मागच्या महिन्यातच सुचलं मला."

"मग सांगितलं का नाही, सर?"

"नवी मुलगी आलीये ना माझ्याकडे. तिला काहीतरी विषय नको द्यायला?" त्यांनी हातावरचा खडू झटकला. "तुझे सगळे कागद तिला दे, जरा समजावून सांग. छान समजावतेस तू. आभारात तुझं नाव घालायला सांगतो मी तिला."

"थँक्यू, सर," तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं.