नकाशात नसलेली खोली

बँकेच्या माणसाने घराचा मंजूर नकाशा ओट्यावर पसरला. "काकू, ही मागची खोली यात नाहीच. ती पाडल्याशिवाय घर विकत घेणाऱ्यांना कर्ज मिळणार नाही."

"पाडू की," कालिंदीताई म्हणाल्या.

नवऱ्याला जिना चढवेना, तेव्हा परवानगीच्या भानगडीत न पडता त्यांनी स्वयंपाकघराला लागून ती बांधली होती. खिडकीपलीकडेच त्याची खाट. चहा त्या खिडकीतूनच द्यायच्या. तो जाऊन आता वर्ष झालं.

मजूर आले. दुपारपर्यंत खोलीच्या जागी नुसतं अंगण उरलं.

"आई, काहीच वाटलं नाही तुला?" लेकीने विचारलं.

"काय वाटायचंय? चहा घेतेस ना?"

एक कप त्यांनी लेकीच्या हातात दिला. दुसरा रोजच्यासारखा खिडकीत ठेवला. आज त्यावर ऊन होतं.